सात एलिमेंटची यागी रबर डकपेक्षा कमी का ऐकते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्नर तालुक्यातल्या एका नवीन हॅमने (हौशी रेडिओवाल्याने), नुकतंच लायसन्स मिळालेलं, १४५ मेगाहर्ट्झसाठी सात एलिमेंटची (रॉडची) यागी, म्हणजे एका दिशेला रोखायची ॲंटेना, घरी बनवली. १० मिमीचे ॲल्युमिनियम पाइप, मापं एका व्हिडिओतली, गच्चीवर जीआय पाइपला बूमच्या (एलिमेंट ज्या दांड्यावर बसतात त्याच्या) बरोबर मध्यावर क्लॅम्प करून एलिमेंट उभे ठेवलेत, खाली खोलीपर्यंत २० मीटर आरजी-५८ ही पातळ कोॲक्स केबल. रेडिओ ५ वॅटचा हातातला हँडी. साठेक किलोमीटरवरचा डोंगरावरचा रिपीटर (आपला सिग्नल उचलून पुन्हा दूरवर फेकणारं स्टेशन) गच्चीत उभं राहून रबर डकने, म्हणजे हँडीवरच्या आखूड रबरी ॲंटेनाने, खरखरत का होईना उघडतो, पण या यागीने नीट उघडत नाही. खाली मीटरवर एसडब्ल्यूआर (ॲंटेनाकडून किती पॉवर परत फिरते ते सांगणारा आकडा, १ म्हणजे काहीच नाही) १.५ दाखवतोय. तो विचारतोय, "काका, अजून चार एलिमेंट वाढवू का?"

नको वाढवूस. आहेत त्यातले चार काढले तरी चालेल असं मी सांगणार आहे, पण आधी कारण नीट समजून घे, नाहीतर पुढची ॲंटेनाही अशीच होईल.

सगळ्यात आधी तो जीआय पाइप. एलिमेंट उभे म्हणजे व्हर्टिकल पोलरायझेशन, ते बरोबर केलंस, एफएम रिपीटर सगळे व्हर्टिकलच असतात, टीव्हीच्या ॲंटेनासारखी आडवी लावली असतीस तर तिथेच वीसेक डीबी (दर दहा डीबी म्हणजे पॉवरमध्ये दहा पट फरक) गेले असते. पण एलिमेंट उभे आणि मधला लोखंडी पाइपही उभा, म्हणजे पाइप एलिमेंटला समांतर झाला, आणि रेडिओ लहरीला काय कळतंय की हा पाइप फक्त आधाराला आहे, तिच्यासाठी तो आणखी एक एलिमेंट, तोही कुठल्याही हिशोबात नसलेल्या लांबीचा आणि ऐन डायरेक्टरांच्या (पुढच्या एलिमेंटांच्या) मधोमध. त्याच्यात करंट वाहतो, तो परत रेडिएट करतो आणि तुझा सगळा पॅटर्न, म्हणजे कुठल्या दिशेला किती फेकायचं तो हिशोब, विस्कटतो. टीव्ही ॲंटेना मधोमध पाइपला लावलेली चालायची कारण तिचे एलिमेंट आडवे आणि पाइप उभा, काटकोन, एकमेकांना बघतच नाहीत. व्हर्टिकल यागी एकतर रिफ्लेक्टरच्या (सगळ्यात मागच्या एलिमेंटच्या) मागे बूम वाढवून तिथे मागच्या टोकाला क्लॅम्प करायची, नाहीतर वरचा दीड-दोन मीटरचा खांब फायबरग्लासचा किंवा सरळ वेळूचा घ्यायचा. वेळू छान चालतो, फक्त पावसाआधी वार्निश मार. आणि कोॲक्सही एलिमेंटला समांतर खाली सोडू नकोस, बूमच्या कडेने मागे नेऊन रिफ्लेक्टरच्या मागून खाली उतरव.

दुसरी गोष्ट तुझा १.५. हा आकडा बघून तुला वाटलं ॲंटेना बरी आहे. आता आरजी-५८ ला १४५ मेगाहर्ट्झवर मीटरमागे साधारण ०.२ डीबी लॉस धर, २० मीटरला ४ डीबी. तुझा मीटर खाली आहे. पॉवर वर जाताना ४ डीबी खाल्ले, ॲंटेनावर आपटून परत आलेल्या पॉवरचे खाली येताना अजून ४ खाल्ले, म्हणजे मीटरला परत आलेली पॉवर खऱ्यापेक्षा ८ डीबी कमी दिसते. हिशोब उलटा केला तर खाली १.५ म्हणजे वर ॲंटेनाच्या टोकाला ३ आहे! इतकंच काय, ॲंटेना पार सोडवून कोॲक्सचं टोक उघडं ठेवलंस तरी तो मीटर जेमतेम सव्वादोन-अडीच दाखवेल. करून बघ पाहिजे तर, एका मिनिटाचं काम आहे, फक्त लो पॉवरवर कर. लॉस जितका जास्त तितका एसडब्ल्यूआर देखणा दिसतो, म्हणून लांब पातळ कोॲक्सवरच्या चांगल्या एसडब्ल्यूआरवर मी कधीच विश्वास ठेवत नाही. तुझ्या ५ वॅटपैकी वर पोचतात २ वॅट, त्यातला पाव भाग परत फिरतो, हवेत जातात दीडेक वॅट, तेही विस्कटलेल्या पॅटर्नमध्ये. रबर डकला कोॲक्सच नाही, सगळे ५ वॅट त्याच्यापाशी. म्हणून तो बरा वाटला.

कोॲक्स बदल. आरजी-२१३ जाड आणि महाग, लॉस निम्म्याहून कमी, एलएमआर-४०० अजून चांगली. पण तुला खरं सांगू का, डिश टीव्हीची आरजी-६ घे, २० मीटरला दीड डीबीच्या आसपास जाईल आणि कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळते. ती ७५ ओहमची आहे म्हणून लोक नाक मुरडतात, पण ५० ला ७५ म्हणजे १.५ चा एसडब्ल्यूआर, त्याने काही बिघडत नाही, हँडीही कुरकुरत नाही. फक्त आतली तार तांब्याची असलेली चांगली घे, स्वस्तातली असते तिच्यावर जाळी नुसती नावाला असते.

तिसरं, मापं. तो व्हिडिओ मी बघितलेला नाही, पण तू लिहिलंयस की त्याने ४ मिमीचे रॉड वापरले होते आणि तुझ्याकडे १० मिमीचा पाइप होता म्हणून लांबी तीच ठेवून तो घातलास. इथे बहुतेक जण फसतात. जाड एलिमेंट आखूड लागतो. १४५ वर ४ मिमीचा डायरेक्टर १० मिमीचा केलास तर त्याच कामासाठी दोनेक सेंटिमीटर आखूड करावा लागतो. तू केले नाहीस, म्हणजे तुझे पाचही डायरेक्टर विद्युतदृष्ट्या लांब झाले, अख्खी ॲंटेना खालच्या फ्रिक्वेन्सीला सरकली आणि तू तिला तिच्या वरच्या बाजूला वापरतोयस. आणि यागीचा स्वभावच असा की डिझाइन फ्रिक्वेन्सीच्या खाली ती हळूहळू मावळते पण वर गेलास की धाडकन पडते, कारण लांब झालेला डायरेक्टर रिफ्लेक्टरसारखं वागायला लागतो. पुढे फेकायचं ते मागे फेकतो. म्हणून शंका असेल तेव्हा डायरेक्टर दोन-चार मिमी आखूडच कापायचे, लांब कधीच नाही.

हे असं का होतं ते एकदा डोळ्यासमोर आण, मग मापं पाठ करावी लागत नाहीत. पॉवर फक्त ड्रिव्हन एलिमेंटला मिळते. बाकीचे एलिमेंट कशालाच जोडलेले नाहीत, ते शेजारच्याच्या लहरीवर डोलतात आणि स्वतः परत रेडिएट करतात. झोका कसा, योग्य वेळी ढकललास तर वाढतो, चुकीच्या वेळी ढकललास तर थांबतो. रिफ्लेक्टर लांब असतो, डायरेक्टर आखूड, त्यामुळे त्यांच्यातले करंट थोडे मागेपुढे पडतात, आणि अंतर असं निवडायचं की पुढच्या दिशेला सगळ्यांचे धक्के एकाच वेळी पोचावेत आणि मागच्या दिशेला एकमेकांना मारावेत. लांबीने वेळ ठरते, अंतरानेही वेळ ठरते, म्हणून जाडी बदलली की वेळ चुकते.

हे सगळं जपानमध्ये सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा यांनी १९२० च्या दशकात एकेक रॉड हलवून, मोजून बसवलं. १९२६ ला जपानीत छापलं गेलं, १९२८ मध्ये त्यांचे प्राध्यापक हिदेत्सुगु यागी यांनी इंग्रजीत लिहिलं आणि जगात नाव यागीचं झालं. मी मुद्दाम यागी-उदा म्हणतो. १९४२ मध्ये जपान्यांनी सिंगापूर घेतलं तेव्हा तिथल्या एका ब्रिटिश रडारवाल्याच्या वहीत त्यांना 'यागी' असा शब्द सापडला आणि तो कसला हेच त्यांना कळेना, शेवटी कैद्याने सांगितलं की अहो हे तुमच्याच प्राध्यापकांचं नाव आहे. एका देशाने स्वतःच्या घरात शोधलेली गोष्ट बाजूला ठेवली आणि दुसऱ्यांनी ती रडारवर चढवली, मला हे वाचून दरवेळी उदांबद्दल वाईट वाटतं.

आता मुख्य मुद्दा, तुला किती गेन पाहिजे, म्हणजे ॲंटेनाने एका दिशेला किती जोर द्यायला हवा. कागद घे. ६० किमी, १४५ मेगाहर्ट्झ, मध्ये काहीच आडवं नसेल तर वाटेतला लॉस १११ डीबी येतो. तुझे ५ वॅट म्हणजे ३७ डीबीएम (एक मिलीवॅटच्या तुलनेतले डीबी). रबर डकचा गेन धर उणे ५, रिपीटरच्या ॲंटेनाचा अधिक २. तिकडे पोचले उणे ७७ डीबीएम. रिपीटरचा रिसीव्हर उणे १२० च्या आसपासही उघडतो. म्हणजे चाळीस डीबीहून जास्त शिल्लक, दहा हजार पट! मोकळ्या वाटेवर रबर डकनेच दणदणीत चालायला हवं होतं. चालत नाही, खरखरतं, याचा अर्थ एकच की मध्ये डोंगर आहे आणि तो तुझे चाळीसेक डीबी खातोय.

पृथ्वीच्या गोलाईचं कारण नाही ते. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले ४.१२ म्हणजे किलोमीटरमधलं रेडिओ क्षितिज. रिपीटरचा डोंगर आजूबाजूपेक्षा ६०० मीटर उंच असेल तर त्याचे १०० किमी, तुझी गच्ची ८ मीटर तर तुझे ११-१२. साठ किमी त्यात आरामात बसतात. पण सह्याद्रीत सरळ रेषा कागदावर दिसते आणि मध्येच एखादी सोंड येते. शिवाय नुसती रेषा मोकळी असून भागत नाही, तिच्याभोवती जागा लागते, फ्रेनेल झोन म्हणतात तो. साठ किमीच्या मध्यावर १४५ ला त्याची त्रिज्या १७५ मीटरच्या आसपास येते. म्हणजे डोंगराचा माथा रेषेच्या शंभर मीटर खाली असला तरी तो सिग्नलला थोडा घासतोच.

आता यातून ॲंटेना काय देऊ शकते बघ. नीट बनवलेली तीन एलिमेंटची यागी ७ डीबीआय (सगळ्या दिशांना सारखं फेकणाऱ्या कल्पित ॲंटेनाच्या तुलनेतले डीबी) देते. रबर डकच्या उणे ५ वरून अधिक ७, झाले १२ डीबी, कोॲक्सचा दीड वजा कर, निव्वळ दहा-साडेदहा. दहा पट पॉवर, पाच वॅटचे पन्नास केल्यासारखं, आणि ऐकतानाही तेवढाच फायदा जो पॉवर वाढवून मिळत नाही. एफएममध्ये खरखरीच्या उंबरठ्यावर असलेला सिग्नल दहा डीबीने वर आला की एकदम स्वच्छ होतो. आणि तीनच्या सात एलिमेंट केलेस तर अजून किती? तीन-साडेतीन डीबी. त्यासाठी बूम अर्ध्या मीटरवरून दीड-दोन मीटरवर जातो, वारा लागतो, खांब जाड लागतो, वानरं लोंबकळतात. पहिले दहा डीबी शे-दोनशे रुपयात येतात, पुढचे तीन डीबी तुझी सगळी हिवाळ्याची सुट्टी खातात. एलिमेंट मोजू नकोस, बूम मोज. यागीचा गेन मुळात बूमच्या लांबीतून येतो, एलिमेंट किती ते नंतर, आणि बूम दुप्पट केला की सव्वादोन-अडीच डीबी, बस. त्याच लांबीत चार एलिमेंट जास्त कोंबून काहीही मिळत नाही.

म्हणून तुला मी सांगतो, तीन एलिमेंटची मेझरिंग टेपची यागी बनव. हे डिझाइन जगभर हॅम लोक दिशा शोधायच्या स्पर्धांना वापरतात, मूळ १४६.५ च्या आसपासचं आहे, मी १४५ ला ओढून घेतलेली मापं देतो. टेप एक इंच रुंदीचा, स्टीलचा, पाच मीटरवाला, हार्डवेअरच्या दुकानातला साधा. रिफ्लेक्टर १०६० मिमी. ड्रिव्हन दोन तुकडे, प्रत्येकी ४५५, मध्ये दोन-अडीच सेमी फट. डायरेक्टर ९०० मिमी. रिफ्लेक्टर ते ड्रिव्हन २०५, ड्रिव्हन ते डायरेक्टर ३२०. बूमला इलेक्ट्रिकलचा किंवा प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप, एलिमेंट जुबली क्लिपने आवळायचे. मागे हाताच्या किंवा क्लॅम्पच्या सोयीने पाइप जास्त ठेव. मापं घेताना रिफ्लेक्टरपासून सगळी अंतरं एकाच शून्यावरून मोज, एकापासून दुसऱ्यापर्यंत मोजत गेलास की चुका साठत जातात. आणि टोकं कात्रीने गोल कर, चिकटपट्टी लाव, ती पाती हात कापतात.

ड्रिव्हनची एकूण लांबी ९३५ येते आणि साध्या डायपोलची (असे दोन तुकडे एकटेच वापरलेल्या ॲंटेनाची) १४५ ला ९८० च्या आसपास असते, मग ही आखूड का? कारण यागीत ड्रिव्हनचा इम्पीडन्स (रेडिओच्या करंटला होणारा अडथळा) शेजाऱ्यांमुळे खाली येतो, डायपोलचे ७३ ओहम वीस-तीसवर येऊन बसतात. ड्रिव्हन मुद्दाम आखूड ठेवला की तो कपॅसिटिव्ह होतो, आणि मग फटीच्या दोन्ही टोकांना १३ सेमी तार यू आकारात वाकवून डाखली (सोल्डर केली) की तिचा इंडक्टन्स त्या कपॅसिटन्सला खाऊन टाकतो आणि इम्पीडन्स ५० ला उचलतो. हेअरपिन म्हणतात तिला. ही इवलीशी तार वगळून "एसडब्ल्यूआर येत नाही" म्हणणारे मी खूप पाहिलेत. तारेचे पाय जवळ-लांब करून बारीक ट्यूनिंग होतं.

डाखणं हे या कामातलं एकमेव कटकटीचं. टेपवरचा पिवळा रंग पॉलिश पेपरने पार चकचकीत पोलाद दिसेपर्यंत घास, फ्लक्स लाव, आधी पातीला एकटीला जाड टोकाच्या ६० वॅटच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने टिन चढव, कथिल पाण्यासारखं पसरलं पाहिजे, मण्यासारखं गोळा होत असेल तर रंग राहिलाय. मग तार, मग कोॲक्स. इस्त्री कमी वॅटची असेल तर पाती उष्णता पळवून नेते आणि कोल्ड सोल्डर होतं, दिसायला छान आणि महिन्याभरात सुटतं.

कोॲक्स जोडलीस की तिथेच बूमला पाच-सहा वेढे घाल, चार-पाच सेमी व्यासाचे, केबल टायने घट्ट. हा चोक. डायपोलला दोन सारख्या बाजू असतात आणि कोॲक्सला नसतात, त्यामुळे जाळीच्या बाहेरच्या अंगाने करंट खाली वाहत येतो आणि अख्खी कोॲक्स ॲंटेना बनते. ओळखायचं कसं? कोॲक्सला हाताने धरलं की एसडब्ल्यूआर हलतो. हलत असेल तर चोक कमी पडतोय. आरजी-६ कडक असते, तिचे वेढे नीट बसत नाहीत आणि ॲल्युमिनियमची जाळी डाखताही येत नाही, म्हणून ॲंटेनापाशी अर्धा मीटर आरजी-५८ वापर आणि पुढे आरजी-६, तेवढ्या तुकड्यात काही जात नाही.

ट्यूनिंगला नॅनोव्हीएनए (ॲंटेना मोजायचं छोटं यंत्र) मिळाला तर उत्तम, तुमच्याकडच्या कुठल्यातरी हॅमकडे असेलच, मागून आण. मात्र कॅलिब्रेशन केबलच्या टोकाशी कर, जिथे ॲंटेना जोडणार तिथे, ओपन-शॉर्ट-लोड तिन्ही. आणि मोजताना ॲंटेना जमिनीवर टेकवून किंवा खुर्चीत ठेवून मोजू नकोस, लोखंडी कपाटाशेजारी तर अजिबात नाही. निदान डोक्यावर दोन मीटर, तोंड मोकळ्या आकाशाकडे.

पण ऐक, एसडब्ल्यूआर १.१ आला म्हणजे ॲंटेना झाली असं नाही. डमी लोडचा (ॲंटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरचा) एसडब्ल्यूआर १.० असतो आणि तो कुठेच काही फेकत नाही. डायरेक्शनल ॲंटेनाची परीक्षा म्हणजे ती कुठे फेकते. हे मी स्वतः चांगलंच भोगलंय. ४३५ ची दहा एलिमेंटची यागी केली होती, सॅटेलाइटसाठी, इस्रोचा हॅमसॅट तेव्हा वर होता, २००५ मध्ये पीएसएलव्हीने सोडलेला आपला हॅमचा उपग्रह, २०१४ पर्यंत चालला. त्याचा अपलिंक (आपण वर पाठवायचं ते) ४३५ ला, डाउनलिंक (तो खाली पाठवतो ते) १४५ ला. बूम २० मिमीचा ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप, एलिमेंट त्याच्यातून आरपार ठोकलेले, धातू धातूला टेकलेला, आणि मापं लाकडी बूमची. गॅमा मॅचने (इम्पीडन्स जुळवणाऱ्या जोडणीने) एसडब्ल्यूआर सुंदर आणला. उपग्रह डोक्यावरून जातोय, डाउनलिंक बीकन (त्याचा खुणेचा सिग्नल) स्वच्छ ऐकू येतोय, माझाच आवाज परत येत नाही. महिनाभर मी रेडिओला, मग कोॲक्सला, मग उपग्रहालाच दोष देत बसलो. धातूच्या बूममधून एलिमेंट आरपार गेला की त्याचा बूमच्या आतला भाग जणू नाहीसा होतो, तेवढी लांबी वाढवून द्यावी लागते. २० मिमीच्या बूमला १४५ वर हे जेमतेम चारेक मिमी, मीटरभर एलिमेंटच्या मानाने थोडंच. पण ४३५ वर दहाएक मिमी, आणि तिथे एलिमेंटच तीसेक सेमीचा, म्हणजे तीनेक टक्के, ॲंटेना बारा-चौदा मेगाहर्ट्झ वर सरकली होती. त्या बँडची रुंदीच आपल्याकडे ४३४ ते ४३८! मी तिला तिच्या खालच्या अंगाला वापरत होतो, म्हणून अगदीच मेली नव्हती, पण गेन कुठे होता. एलिमेंट सगळे काढून दहा मिमी लांब असे नवे कापून घातले, गॅमा परत बसवला, आणि पुढच्या पासला उत्तरेकडून येतानाच स्वतःचा आवाज ऐकला. त्या दिवसापासून पॅटर्न मोजल्याशिवाय ॲंटेना खांबावर चढवत नाही.

पॅटर्न मोजायला लॅब लागत नाही. मित्राला एक-दोन किलोमीटरवर मोकळ्या माळावर पाठव, लो पॉवरवर न बोलता बटण दाबून नुसता कॅरिअर धरू दे, आधी फ्रिक्वेन्सी रिकामी आहे का ऐका आणि कॉलसाइन द्या. तू ॲंटेना हळूहळू फिरव आणि दर ३० अंशाला वाचन लिही. हँडीच्या काड्यांवर भरवसा ठेवू नकोस, दोन काड्यांमधला फरक प्रत्येक कंपनीचा वेगळा, आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीवरचा छोटा रिसीव्हर) लॅपटॉपला लाव आणि त्याचा ऑटो गेन बंद कर, मग डीबीतला फरक सरळ दिसतो. तीन एलिमेंटच्या या ॲंटेनाला तोंड आणि पाठ यात १५-२० डीबी फरक दिसला पाहिजे. बाजूला, नव्वद अंशांवर, मोठा खड्डा व्हर्टिकल ठेवून नाही दिसणार, तो आडवी धरल्यावर दिसतो, त्यामुळे घाबरू नकोस. फरक पाच-सहाच डीबी आला तर चोक, खांब, मापं या क्रमाने बघ.

आणि एक गंमतीची नाही, कामाची गोष्ट. ॲंटेना रिपीटरच्या दिशेला रोखून मोकळा होऊ नकोस, पूर्ण गोल फिरवून बघ. मावळातल्या एका गावात आम्ही पूरकाळात तात्पुरतं स्टेशन लावलं होतं, घरं तीन बाजूंनी डोंगरात. नकाशावर रिपीटर आग्नेयेला, तिकडे तोंड केलं तर नुसती खरखर. वैतागून फिरवता फिरवता पश्चिमेला, बरोबर समोरच्या काळ्या उभ्या कड्याकडे तोंड आलं आणि रिपीटर घरात बसल्यासारखा बोलायला लागला. सिग्नल त्या कड्यावर आपटून खाली दरीत येत होता. कातळाचा उभा कडा म्हणजे आरसाच १४५ ला. नकाशाने सांगितलेली दिशा आणि डोंगराने दिलेली दिशा वेगळी असू शकते, म्हणून खांबाला पक्कं आवळायच्या आधी एक अख्खी संध्याकाळ फिरवण्यात घालव. आमच्या लहानपणी पुण्यात गच्चीवर एक जण, खिडकीत एक जण आणि टीव्हीपुढे एक जण, "आलं का? मुंग्या गेल्या का?" करत सिंहगडाकडे ॲंटेना फिरवायचे, ती पद्धत अजूनही बिनचूक आहे.

पुढे कधी मोठी करावीशी वाटली तर २८ ओहमच्या डिझाइन बघ. एका ठराविक पद्धतीने अंतरं ठेवली की ड्रिव्हन २८ ओहमला बसतो, आणि ७५ ओहमच्या दोन कोॲक्स समांतर जोडल्या की ३७.५ होतात, त्यांचा पाव वेव्हलेंग्थचा तुकडा २८ चे बरोबर ५० करून देतो. १४५ ला हा तुकडा घट्ट पॉलिथिनच्या कोॲक्सचा ३४ सेमी, फोमच्या कोॲक्सचा ४२ च्या आसपास, कारण कोॲक्समध्ये लहर हळू चालते, घट्टमध्ये ०.६६, फोममध्ये ०.८२. गॅमा मॅचपेक्षा मला हे आवडतं, हलणारा भाग नाही, कपॅसिटरमध्ये पाणी शिरण्याची भानगड नाही.

तू जुन्नरकडचा म्हणून आवर्जून सांगतो. खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, त्यांचा एक बँड १४५ मेगाहर्ट्झवरूनच जातो आणि ते आकाशातून येणारे इतके बारीक सिग्नल ऐकतात की तुझा हँडीही तिथे आरडाओरडा आहे. जवळपास राहत असशील तर त्यांच्याशी बोलून घे, पॉवर लागेल तेवढीच ठेव आणि ॲंटेनाचं तोंड तिकडे नको. आणि एकदा जाऊन बघून ये, ॲंटेना शिकणाऱ्याने ते बघितलंच पाहिजे. त्या डिश पत्र्याच्या नाहीत, दोरांच्या जाळ्यावर ताणलेल्या बारीक तारेच्या जाळीच्या आहेत, ती उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही कल्पना. जाळीची भोकं वेव्हलेंग्थपेक्षा खूप लहान असली की लहरीला ती अखंड भिंतच वाटते आणि वारा मात्र आरपार जातो, म्हणून एवढी प्रचंड डिश हलक्या सांगाड्यावर उभी राहते. हीच युक्ती तू कॉर्नर रिफ्लेक्टर (कोनात जोडलेल्या दोन भिंतींची ॲंटेना) बनवताना वापर, कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी १४५ ला आणि ४३५ ला झकास चालते.

आता पावसाचं. मे महिन्यात वळवाच्या आधी खांब अर्थ कर, जाड तांब्याची पट्टी सरळ जमिनीत, वळणं न घेता. गडगडायला लागलं की कोॲक्स रेडिओपासून काढून खिडकीबाहेर टाकायची, हे वेळ मिळेल तेव्हा नाही, आधी. जोडावर सेल्फ-अमाल्गमेटिंग रबर टेप ताणून, वर साधी पीव्हीसी टेप, खालून वर गुंडाळत जायची म्हणजे कौलासारखं पाणी निथळतं. कोॲक्स खोलीत शिरण्याआधी खाली एक वळसा सोड, थेंब तिथे गळून पडतो. कोॲक्समध्ये एकदा पाणी चढलं की ती जाळी काळी पडते आणि लॉस इतका वाढतो की, आठव, एसडब्ल्यूआर अजूनच छान दिसायला लागतो. टेपच्या पात्या पावसाळ्यात गंजतील, कापलेल्या कडांवर आणि घासलेल्या जागी रंग मारून ठेव, किंवा ही ॲंटेना हातातली म्हणून ठेव आणि कायमच्या खांबासाठी ॲल्युमिनियमची कर. तेव्हा ॲल्युमिनियमला तांबं थेट टेकवू नकोस, मध्ये स्टेनलेसचा वॉशर.

तुझे सात पाइप फेकू नकोस. त्यातले तीन घेऊन पुढच्या महिन्यात तीन एलिमेंटची ॲल्युमिनियमची करू, १० मिमीच्या जाडीचा हिशोब धरून मी मापं काढून देतो. त्याआधी टेपवाली बनव, वेळूवर लाव आणि दर ३० अंशाची बारा वाचनं इथे टाक, सोबत तुझ्या गच्चीवरून कुठल्या बाजूला कुठला डोंगर दिसतो तेही लिही.